उष्टे पिस्तूल

मराठी मध्यमवर्गीय घरात नवी वस्तू आली, की तिच्यावर पहिला ओरखडा पडेपर्यंत घरात कोणाला स्वस्थता म्हणून नसते. फ्रीजच्या दारावरचे प्लास्टिक वर्ष-वर्ष निघत नाही. टीव्हीच्या रिमोटला जन्मभर पिशवी असते, आणि ती पिशवी फाटली की रिमोट फुटल्याइतके दुःख होते. नव्या सोफ्याला खोळ, खोळीवर चादर आणि चादरीवर पाहुणा. पण हीच माणसे तांबाकाट्यावर जाऊन नवे कोरे स्टीलचे पातेले घेतात आणि दुकानातच त्या किर्र किर्र करणाऱ्या यंत्राखाली धरून त्यावर नाव खरवडून घेतात. आडनाव, आद्याक्षरे, तारीख आणि जागा उरलीच तर 'सप्रेम भेट'. एवढे खरवडल्यावर पातेले नवे राहिले की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. उलट नाव घातले नाही, तर ते पातेले अजून दुकानदाराचेच आहे असे वाटत राहते.

तेव्हा ओरखड्याचे आपल्याला वावडे आहे असे नाही. तो कोणी काढला आणि आपल्याला विचारून काढला की नाही, हा आपला प्रश्न असतो. याच प्रश्नावर माझ्या लालबागच्या अक्काच्या घरी एकदा आठ दिवस वाद चालला होता. निमित्त पातेल्याचे नव्हते. पिस्तुलाचे होते.

दचकू नका. अक्काच्या घरात कोणी गुंड नाही आणि सावकारही नाही. माझी भाची नेमबाज आहे. दादरच्या कीर्ती कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना अंजली वेदपाठक नावाच्या एका मुलीने रायफल हाती धरली, वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव केला, आणि तीच, पुढे अंजली भागवत म्हणून ओळखली गेलेली, २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचली. तेव्हापासून दादर-परळच्या मुलींना हा खेळ अगदीच परका राहिलेला नाही. भाचीने सुरुवात छऱ्यांच्या एअर पिस्तुलाने केली. अक्काच्या लेखी ते जत्रेतले फुगे फोडण्यासारखे होते. त्याला परवाना लागत नव्हता, धूर येत नव्हता, आणि मुलगी उन्हात काळी पडत नव्हती. अक्काची तक्रार नव्हती. मग २०१८ साल आले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने जाकार्ता-पालेंबांगच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. एशियाडच्या नेमबाजीत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या दिवशी भाचीने जाहीर केले की आपणही आता २५ मीटरला जाणार.

२५ मीटरला छर्रा चालत नाही. तिथे पॉइंट टू टूची खरी गोळी लागते, खरे पोलादी पिस्तूल लागते आणि शस्त्र कायद्याखालचा खरा परवाना लागतो. पिस्तूल परदेशातून यायचे. त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवा, मग अर्ज करा, मग वाट पाहा. दाजी एका गिरणीत साचेखात्यात फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर हिशोबाचे जे काही मिळाले, ते त्यांनी वर्षानुवर्षे पोस्टात ठेवले होते. त्यातून पावणेदोन लाख निघाले. अक्का त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. अक्का बोलत नाही तेव्हा घरातल्या मांजरालासुद्धा कळते की आज दूध मागू नये.

तिच्या न बोलण्याचे कारण पैसा नव्हते. अक्का लग्न होऊन ज्या चाळीत आली, त्या भागात पिस्तुलाला कोणी पिस्तूल म्हणत नसे, 'घोडा' म्हणत. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बेकार पोरांच्या हाती काय काय आले ते त्या गल्ल्यांनी पाहिले आहे. १६ जानेवारी १९९७ ला दत्ता सामंतांना पवईला गोळ्या घालून मारले, त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. अंत्ययात्रेला जाऊन आले ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तेव्हा 'खेळाचे पिस्तूल' हा शब्दच अक्काला पटणे कठीण होते. तिच्या अनुभवात त्या वस्तूने कोणी खेळले नव्हते.

असो. गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. परवाना, कस्टम, पोलिस ठाण्यातली नोंद असे सगळे सोपस्कार उरकून पिस्तूल घरी आले. मला मुद्दाम गिरगावातून बोलावणे होते. दहा बाय बाराच्या त्या खोलीत जमिनीवर जुने धोतर अंथरून त्यावर प्लास्टिकची काळी पेटी ठेवली होती आणि आम्ही चौघे तिच्याभोवती सत्यनारायणाला बसावे तसे बसलो होतो. भाचीने पेटी उघडली. मॅगझिन वेगळे, चेंबर रिकामे, त्यात रिकामे असल्याची नारिंगी दोरी. निळसर काळे, तुळतुळीत पोलाद. बाहेर मसाला कुटणाऱ्या यंत्रांचा ठोका चालू होता, आणि आत क्षणभर कोणी श्वास घेत नव्हते.

मग अक्का म्हणाली, "हे इथे घासलंय."

आईची नजर ती. मांडणीवरच्या तीस वाट्यांमधली शेजारणीची एक ओळखणारी. बोल्ट मागेपुढे सरकतो त्या जागी निळाई उडून एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. मॅगझिन शिरते त्या तोंडाशी केसासारखे दोन चरे होते. नळीच्या तोंडाशी करडा डाग होता, समईच्या वर भिंतीवर पडतो तसा. आणि डाव्या बाजूला, मुठीच्या जरा वर, नखाएवढा एक आडवा ओरखडा. एकूण चार खुणा. पावणेदोन लाखांत चार.

"वापरलेलं दिलंय," अक्का म्हणाली. "उष्टं आहे हे."

दाजींनी त्याच वेळी दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, असंच येतं." हे मुंबईतल्या दुकानांचे ब्रीदवाक्य आहे. चादरीला भोक असले तर असेच येते, कपाटाचे दार लागत नसले तर असेच येते. माणूस शंभरातले नव्वद वेळा ते खोटे बोलतो आणि म्हणून उरलेल्या दहा वेळा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हा माणूस त्या दहातला होता. पण का येते असे, हे दोन वाक्यांत सांगायला त्याचे काय जात होते? त्याने ती दोन वाक्ये वाचवली आणि लालबागच्या एका घराची आठ दिवसांची झोप घालवली.

अक्काने 'उष्टे' हा शब्द उगाच वापरला नव्हता. नैवेद्याचे ताट आधी चाखायचे नसते, मीठ कमी पडले तरी चालेल, हे आपल्या घरातल्या नवेपणाचे मूळ तत्त्व आहे. जे कोणी वापरले नाही ते नवे. दाजींचे तत्त्व निराळे होते. "अगं, नवा साचा गिरणीत आला की आधी रिकामा चालवायचा," ते म्हणाले. "नवं यंत्र पहिले भांडतं, मग बसतं. जिथे घासायचं तिथे घासून जागा करून घेतं. न घासलेलं यंत्र आमचा जॉबर ताब्यातच घेत नसे."

"साच्याने कोणी मरत नाही," अक्का म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. गॅलरीत अंथरूण टाकले होते. सगळे निजल्यावर अक्का बाहेर आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. बराच वेळ गेल्यावर हळूच म्हणाली, "वापरलेलं असेल, तर कोणावर वापरलं असेल रे?"

मग मला कळले की हा वाद पैशाचा नव्हता आणि ओरखड्याचाही नव्हता. पिस्तूल घरात नको, हे ती लेकीच्या तोंडावर म्हणू शकत नव्हती. खुणा सापडल्या तेव्हा तिला परत पाठवण्यासाठी एक धड कारण सापडले होते. आणि त्या कारणाच्या पोटात ही खरी भीती होती. मुलीच्या हातात जे जाणार, त्याच्यावर कोणाचे रक्त तर नाही ना? या प्रश्नाला माझ्यासारख्या कारकुनाजवळ उत्तर नव्हते.

ते दाजींनी शोधले. सकाळी दूध येण्याच्या आधी ते घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावून खिडकीत बसले होते. शेजारी भाची, सूचना देत. दाजींनी प्रथम पाहिले ते खुणांकडे नव्हे, स्क्रूंकडे. "स्क्रू बघ," त्यांनी मला बोलावले. "खाचांच्या कडा कशा कोऱ्या आहेत? कोणी एकदा जरी खोलून पुन्हा लावला असता, तर कडा मोडल्या असत्या. वापरलेलं यंत्र स्क्रू लपवू शकत नाही." मग बोल्टची रेघ. ती एकाच दिशेने, सरळ, अगदी उथळ. हजारो वेळा चाललेल्या बोल्टची रेघ रुंद होते, तिच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. ही पाचपन्नास वेळांची रेघ. मॅगझिनच्या तोंडाचे चरे तर मॅगझिन घालून-काढून पाहणाऱ्याचे. त्याला दुसरा मार्गच नाही. उरला नळीचा करडा डाग. तो धुराचाच होता, त्यात शंका नव्हती. पिस्तुलातून गोळ्या सुटल्या होत्या.

"बघा," अक्का आतून म्हणाली.

तेवढ्यात भाचीने पेटीतल्या स्पंजाखालून एक घडी केलेला कागद काढला. आदल्या दिवशी आम्ही चौघांनीही त्याला हमीपत्र समजून हात लावला नव्हता. कागदावर निशाण्याची वर्तुळे छापली होती, आणि मधोमध पाच भोके, इतकी जवळ की वर रुपयाचे नाणे ठेवले तर पाचही झाकली जावीत. खाली तारीख, तपासणाऱ्याची सही आणि पिस्तुलाचा नंबर. दाजींनी भिंगातून कागदावरचा नंबर वाचला, मग पिस्तुलावरचा, मग परवान्यावरचा. तिन्ही एक. स्पर्धेचे पिस्तूल कारखान्यातून निघण्याआधी असे शिकंज्यात धरून झाडून पाहतात आणि तो कागद सोबत देतात, हे भाचीला ऐकून ठाऊक होते. पण आईच्या 'उष्टे'पुढे तिची जीभ चालली नव्हती.

युरोपात तर याच्याही आधी एक कडक परीक्षा असते. बर्मिंगहॅमचे बंदुका पारखणारे घर १८१३ सालचे आहे. लीजला १९१४ मध्ये निरनिराळ्या देशांनी मिळून या पारखीचे नियम एक करायला सुरुवात केली. नेहमीच्या दाबापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक दाब देणारी गोळी मुद्दाम झाडायची, नळी टिकली तर पोलादावर ठसा मारायचा. सोन्याला हॉलमार्क असतो तसाच हा. म्हणजे ज्या पिस्तुलातून एकही गोळी सुटलेली नाही, त्याला तिथे नवे म्हणत नाहीत. त्याला अपुरे म्हणतात.

अक्काने कागद हातात घेतला. पाचही भोकांवरून बोट फिरवले.

"कागदावरच मारल्यात ना?"

"कागदावरच, आई."

तिने तो कागद पुन्हा घडी केला, आणि पेटीत न ठेवता रेशनकार्ड आणि मुलीचा जन्मदाखला ज्या पत्र्याच्या डब्यात असतात त्यात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

आता थोडे त्या निळाईबद्दल. मी चौकशी केली, कारण मला वाटत होते की तो रंग असावा. तो रंग नाही, पोलादाला मुद्दाम आणलेला गंज आहे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे पाणी १४० अंशांच्या आसपास उकळत ठेवायचे आणि त्यात पोलाद बुडवायचे. पृष्ठभागावर लोखंडाचे काळे ऑक्साइड धरते. साध्या तांबड्या गंजासारखे ते पोलादाला खात नाही, तेल धरून ठेवते आणि खालच्या धातूला जपते. बिडाच्या तव्याला तेल मुरवतात ना, त्यातलाच प्रकार. पण हा थर एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा तीस-चाळिसावा भाग फार तर. घासले की जाणारच. आणि वरळीच्या खाऱ्या हवेत, घामेजल्या बोटांनी हाताळून न पुसता ठेवले, तर दोन दिवसांत बोटाच्या ठशासकट तांबडा गंज चढतो. अक्काच्या ताटवाट्यांना ही भीती नाही. त्यांच्या पोलादात क्रोमियम असते. ओरखडा पडला तरी उघड्या धातूवर हवेतल्या प्राणवायूने नवी अदृश्य साय धरते. ताट आपली जखम आपणच भरते म्हणा ना.

गंमत पुढेच आहे. हे न गंजणारे पोलाद कुठून आले? १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रियर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात म्हणून त्यावर उपाय शोधत होता. क्रोमियम घालून त्याने निरनिराळी पोलादे ओतून पाहिली, आणि त्यातले एक गंजत नाही असे त्याला दिसले. शेफील्ड सुऱ्यांचे गाव. बंदूक बाजूला राहिली, आणि त्या पोलादाच्या आधी जेवणाच्या सुऱ्या झाल्या. पुढे आपल्याकडे पितळ आणि कल्हई मागे पडून मांडणी चकाकू लागली, त्याचे मूळ हे. मी हे अक्काला सांगितले तेव्हा तिने मांडणीकडे एकदा संशयाने पाहिले.

चाळीतल्या बातम्यांना पाय असतात. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदारकाका 'सहज' आले. त्यांची उमेदीची वर्षे पोलिसांच्या कोतात, म्हणजे हत्यारे ठेवतात त्या खोलीत गेलेली. त्यांनी पिस्तुलाला हात लावला नाही. हात मागे बांधून वाकून पाहिले. म्हणाले, "आमच्याकडे ज्याच्या रिव्हॉल्व्हरची निळाई शाबूत, तो साहेब टेबलावरचा समजायचा. चामड्याच्या म्यानात रोज जाऊन-येऊन तोंड पांढरं पडलेलं असलं, की तो फिरणारा. झिजलेल्याचं आम्हाला काही वाटत नसे. गंजलेलं दिसलं की मात्र शिव्या." मग अक्काकडे वळून म्हणाले, "वहिनी, झीज आणि गंज यांत फरक आहे. झीज वापराने येते. गंज आळसाने."

काकांना अशी वाक्ये बोलायची सवय आहे. पण अक्काला ते पटले, कारण तव्याचा न्याय तिला ठाऊक होता.

राहिली चौथी खूण. डाव्या बाजूचा नखाएवढा ओरखडा. त्याचा उलगडा दाजींच्या भिंगालाही झाला नाही. तिथे काही सरकत नाही, काही शिरत नाही. कारखान्यात, कस्टममध्ये की दुकानात कोणाच्या तरी अंगठीने तो काढला असणार. दाजींना तो सलत होता. काळे करण्याचे एक औषध बाटलीत मिळते, ते लावून तो बुजवायचा त्यांचा बेत होता. भाचीने लावू दिले नाही. तिचे म्हणणे असे, की रेंजवर टेबलावर अशीच चार-पाच पिस्तुले पडलेली असतात. "नंबर वाचायला वाकावं लागतं, मामा. हा अंगठ्याला लागतो."

मला ते फारसे पटले नाही. पिस्तुले काय, बसमधल्या छत्र्या आहेत? पण ज्या खेळात ५० मिलिमीटरच्या वर्तुळात गोळी बसली तर दहा गुण, आणि पुढच्या फेरीत तर निशाण तीन सेकंद दिसून नाहीसे होते, त्या खेळात हाताला जे ओळखीचे वाटते ते राहू द्यावे, असे दाजींनी ठरवले. बाटली परत गेली. तीन वर्षांनी मी ते पिस्तूल पुन्हा पाहिले, तेव्हा बोल्टची रेघ चांगली बोटाच्या पेरभर रुंद झाली होती, मुठीजवळची निळाई करडी पडली होती, आणि तो ओरखडा त्या गर्दीत शोधावा लागला. तोपर्यंत एका राज्य स्पर्धेचे ब्राँझ मांडणीवर आले होते. पदकावर अर्थातच प्लास्टिकची पिशवी.

पण ते नंतरचे. त्या वर्षी पिस्तूल आल्याला जेमतेम तीन आठवडे झाले तोच खंडेनवमी आली. गिरणगावात कारागिराच्या घरी हा दिवस अजून पाळतात. गिरण्या गेल्या, पण हत्यारे राहिली. दाजींनी पाटावर आपला व्हर्निअर, दोन कानशी, हातोडी आणि भिंग मांडले. झेंडूची फुले आली. मग सगळ्यांनी अक्काकडे पाहिले. ती काही न बोलता कपाटाकडे गेली, किल्ली काढली, आणि ती काळी पेटी दोन्ही हातांनी आणून हातोडीच्या शेजारी ठेवली.

कुंकवाचे बोट तिने उचलले आणि भाची ओरडली, "आई, पोलादाला नको. ओलं कुंकू लागलं तर गंजेल."

"ठाऊक आहे मला," अक्का म्हणाली. तिने पेटी उघडलीच नाही. झाकणावरच हळद वाहिली, कुंकू लावले, फूल ठेवले, हात जोडले. आणि लगेच पदराचे टोक घेऊन झाकणावरचे कुंकू पुसू लागली, कारण पेटी नवी होती.